गैरहजर मालकिणीची मेथी

जमीन सुधारणा हा माझा संशोधनाचा विषय आहे असं सांगितलं की आपल्याकडचे निम्मे लोक विचारतात, "म्हणजे माती परीक्षण, खतं वगैरे?" ड्रेस्डेनमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका काकांनी तर मुलाकडच्या कुंडीतला कढीपत्ता पिवळा का पडतोय, तेच विचारलं. मी म्हटलं, "काका, मी अर्थशास्त्रवाली. जमीन कोणाच्या नावावर असावी, एवढंच मला कळतं." "कुंडी मुलाच्याच नावावर आहे," असं म्हणून ते मोदक घ्यायला गेले.

त्यातून माझा विषय आणखी आडवळणाचा. युद्ध चालू असलेल्या देशात जमिनीचं फेरवाटप करावं का, केलं तर कोणाला द्यावं, आणि तोवर जमिनीची खरेदी-विक्री खुली ठेवावी की बंद. नवऱ्याला हे सगळं मी लग्नाआधीच समजावून सांगितलं होतं, तरी त्याने लग्न केलं. तो इथल्या एका चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. धुळीचा कणही आत जाऊ नये म्हणून दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात वावरतो. त्याच्या बाजूने बघितलं तर जमीन हा पदार्थच मुळात शत्रुपक्षातला.

सिद्धांत ऐकायला सोपा आहे. जो कसतो त्याच्या नावावर जमीन केली की तो तिची काळजी घेतो, विहीर खणतो, झाडं लावतो. दुसऱ्याच्या जमिनीत आंबा कोण लावेल? फळं धरेपर्यंत मालकाने हाकललं तर? म्हणून जमीन सुधारणांच्या सगळ्या चर्चांमध्ये एक ठरलेला खलनायक असतो, गैरहजर मालक. शहरात बसायचं, शेताचं तोंड बघायचं नाही, आणि सुगीला खंड वसूल करायला मात्र बरोबर हजर. माझ्या प्रबंधात त्याच्यासाठी एक रकाना होता. मालक जमिनीवर असेल तर शून्य, नसेल तर एक.

हा माणूस मला मनापासून नावडता होता. माझे आजी-आजोबा मराठवाड्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. कूळकायदा आला तेव्हा ज्यांची नावं कूळ म्हणून लागलेली होती त्यांना जमिनी मिळाल्या. मजुराचं नाव कुठेच लागलेलं नसतं, त्यामुळे आमच्या वस्तीच्या हाती काही आलं नाही. वडील शिकले, शिक्षक झाले, मला शिकवलं. वारशात मला जमीन मिळाली नाही, जमिनीवरून येणारा राग मात्र भरपूर मिळाला. त्या रागावर मी दोन पदव्या घेतल्या आणि तिसरी चालू आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर युक्रेनची एक बाई राहते. युद्ध पेटलं त्या वर्षी ती एक बॅग घेऊन इथे आली. तिकडे शाळेत गणित शिकवायची, इकडे एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची खोली आहे, तिथे आमची ओळख झाली. दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे आम्हाला एकमेकींचं फार छान कळायचं. एकदा मशीन थांबायची वाट बघत बसलो होतो. मी विचारलं, "तुझी आई का येत नाही इकडे?"

ती म्हणाली, "आईचा पाय आहे ना तिकडे."

मला वाटलं, पडली बिडली असणार. मी हळहळले. डावा की उजवा, प्लास्टर घातलंय का, जिना चढता येतो का, सगळी चौकशी केली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने हाताने हवेत एक चौकोन काढला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरकारी सामुदायिक शेतं मोडली तेव्हा गावातल्या प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीचा जो तुकडा आला, त्याला तिच्या भाषेत 'पाय' म्हणतात. त्या तुकड्यांबद्दल मी इंग्रजीत ढीगभर वाचलं होतं. त्यांच्या मालकीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण शब्द कोणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

मी चप्पल काढून तिला आमचा पाय दाखवला. आणि सांगितलं की एखादी जागा सोडवत नसली की आम्ही म्हणतो, पाय निघत नाही. ती इतकी हसली की मशीन थांबल्याचंही कळलं नाही. म्हणाली, "तेच! आईचं अगदी तेच झालंय."

आईचं काय झालंय ते मला पुढच्या काही धुण्यांमध्ये तुकड्यातुकड्याने कळलं. गाव आघाडीपासून लांब होतं, पण इतकंही लांब नाही. आईची जमीन एका शेती कंपनीकडे खंडाने होती, आणि आता कंपनीचा माणूस विकत मागत होता, पडत्या भावाने. युद्धात हे असंच होतं. उद्याचा भरवसा नसला की जमीन स्वस्त होते, आणि ज्याच्या खिशात पैसा आहे तो ती गोळा करत सुटतो. म्हणून काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, लढाई संपेपर्यंत विक्री बंद ठेवा. दुसरे म्हणतात, बंद ठेवलीत तर घरदार सोडून पळालेल्याने नव्या गावात उभं कशावर राहायचं, त्याच्याकडे विकण्यासारखं दुसरं आहे काय? दोन्ही बाजूंचं पटतं, हीच पंचाईत. आई या वादात पडलीच नव्हती. तिला विकायचंही नव्हतं आणि हलायचंही नव्हतं. "मी गेले की दुसरं कोणी कसेल आणि म्हणेल माझी," हे तिचं एक म्हणणं. आणि दुसरं, "तिकडे येऊन मी करू काय? चौथ्या मजल्यावर बसून रस्ता बघू?"

या दुसऱ्या म्हणण्यावर शेजारणीने उपाय शोधला होता. तिने श्रेबरगार्टन मिळवली.

इथल्या शहरांच्या कडेने, रेल्वेरुळांच्या बाजूला, कुंपणं घालून आखलेल्या छोट्या छोट्या बागा असतात. वाफे, सफरचंदाचं झाड, एक लाकडी खोपटं. बागकाम करणाऱ्यांचा क्लब असतो, तो या बागा पाख्टवर देतो, म्हणजे खंडानेच. आता इथे मला थोडं चिडू द्या. आमचं नाव त्या क्लबच्या प्रतीक्षा यादीत तिच्या कितीतरी आधीपासून होतं. मी व्यवस्थित ऑनलाइन अर्ज केला होता, सोबत जमिनीच्या प्रश्नावरचा माझा अभ्यासही नमूद केला होता. ती काय करून आली, तर क्लबच्या श्रमदानाच्या दिवशी स्वतःचं फावडं घेऊन हजर झाली आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी न बोलता खणत राहिली. कोपऱ्यातली एक बाग काटेरी झुडपांनी भरली होती, ती कोणालाच नको होती. हिने ती मागितली आणि एका उन्हाळ्यात साफ केली. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, सिद्धांत बरोबर आहे. कसेल त्याची." तो म्हणाला, "आणि प्रबंध लिहील त्याची नाही."

तिने आईला बागेचे फोटो पाठवले. आईने उलट विचारलं, माती काळी आहे का? हा प्रश्न विचारला म्हणजे पहिल्यांदाच आई थोडी हलली, असं शेजारणीचं म्हणणं. मग कुठे आई म्हणाली की बाग खरंच आपल्या नावावर असेल तर येईन. दुसऱ्याच्या दारात बसायला येणार नाही.

बुद्धपौर्णिमेची खीर द्यायला मी खाली गेले तेव्हा शेजारीण बॅग भरत होती. आईला आणायला निघाली होती. वृद्धाश्रमातून बिनपगारी रजा घेतली होती. बागेची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "दोन आठवड्यांत येतो आम्ही. तोवर जरा लक्ष दे." खीर तिने उभ्या उभ्याच खाल्ली आणि वाटी धुऊन दिली.

दोन आठवड्यांचा उन्हाळा झाला. आधी आई म्हणाली, बटाटे लावून होऊ देत. मग पासपोर्टचं काम अडलं. मग शेजारच्या म्हातारीला एकटं कसं सोडायचं, हा प्रश्न निघाला. शेजारीण तिकडून निरोप पाठवायची आणि दर वेळी शेवटी विचारायची, "बाग आहे ना?" मी लिहायची, "आहे."

बाग होती, पण नुसती होती. तिने मोकळे करून ठेवलेले वाफे गवताने भरायला लागले. मला आणि नवऱ्याला एकच भाजी लावता येते, तीही इथे येऊन बाल्कनीत शिकलेली. डब्यातले मेथीदाणे रात्री भिजवले, सकाळी फेकले. आणि सांगते, काय मेथी आली! कोवळी, लुसलुशीत, आपल्याकडे जुडीला हात लावावासा वाटतो तशी. आम्ही एका वाफ्यावर थांबलो नाही. तो माझा स्वच्छ खोलीतला नवरा संध्याकाळी ट्रामने थेट बागेत यायचा आणि नखांत माती घेऊन घरी जायचा. आमची छोटी लेक खोपट्याच्या पायरीवर बसून घड्याळ बघायची आणि दुपारी एकला "मामा, रूहेत्साइट!" म्हणून ओरडायची, म्हणजे आई, विश्रांतीची वेळ झाली, आता आवाज नको. आम्ही शांततेची वेळ पाळावी म्हणून सगळ्यात मोठा आवाज तीच करायची.

क्लबचा एक नियम इथे सांगितलाच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावर आहे. बागेचा निदान तिसरा हिस्सा भाजीपाला आणि फळांखाली असायला हवा. नुसती हिरवळ आणि झोपाळा ठेवलात तर बाग काढून घेतात. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला भरून आलं होतं. अख्खा जमीन सुधारणा कायदा, आणि तो टेपने मोजता येतो!

टेप घेऊन क्लबचे अध्यक्ष जूनमध्ये आले. निवृत्त ट्रामचालक, गालांवर लाली, बोलणं या भागातलं अस्सल सॅक्सन, म्हणजे शब्द अर्धे तोंडात आणि अर्धे मिशीत. त्यांनी वाफे पाहिले, वाकले, मेथीचं एक पान बोटांत चुरडून हुंगलं आणि खूश होऊन म्हणाले, "आहा, ग्र्युनड्युंगुंग!"

मला त्यातला 'ग्र्युन' ऐकू आला. हिरवं. हिरवी भाजी. मी म्हटलं, "गेनाऊ!"

इतकी वर्षं इथे काढून मी एक शिकले होते. समोरच्या जर्मन माणसाचा चेहरा प्रसन्न असेल तर पुढेमागे न बघता गेनाऊ म्हणावं. अगदी बरोबर. पुढचं वाक्य लांबलचक होतं, त्यात जमीन होती आणि आराम होता. मला वाटलं, बागेत बसून आराम वाटतो, असं म्हणतायत. मी म्हटलं, "हो, हो, गेनाऊ." नवरा म्हणाला, "गेनाऊ." अध्यक्षांनी टोपीला हात लावला आणि गेले. आम्ही त्या दिवशी मेथीचं पिठलं केलं.

नंतर कळलं की आम्ही काय कबूल केलं होतं. ग्र्युनड्युंगुंग म्हणजे हिरवळीचं खत. आपल्याकडे ताग पेरून जमिनीत गाडतात, तसं इथे मेथीच्या जातीतलं काही काही पेरतात. म्हणजे आमचा वाफा त्यांच्या हिशेबी भाजीचा नव्हता. जमीन पडीक होती, खत खाऊन आराम करत होती, आणि आम्ही दोघांनी हसतहसत त्याला दुजोरा दिला होता.

ऑगस्टमध्ये अध्यक्ष पुन्हा कुंपणापाशी आले. म्हणाले, दोन गोष्टी आहेत. एक जरा वाईट आणि एक चांगली. वाईट अशी की या बागेची पाख्ट घेतलेली बाई हंगामभर आलेली नाही आणि बाग तिसऱ्या हिश्शाच्या नियमात बसत नाही. सप्टेंबरच्या सभेत बाग काढून घेण्याचा ठराव येईल. चांगली अशी की यादीत आमचं नाव आहे, आणि उन्हाळाभर इथे घाम आम्हीच गाळतोय, हे सगळ्यांनी पाहिलंय. "तेव्हा बाग तुम्हालाच देऊ. जो राबतो त्याला मिळायला हवी, नाही का?"

माझाच सिद्धांत मला सॅक्सन उच्चारात ऐकवला जात होता. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी ते सफरचंदाचं झाड पाहिलं आणि मनातल्या मनात त्याच्याखाली खुर्ची टाकलीसुद्धा.

त्या रविवारी पप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सातबाऱ्यावर नाव लागेल का गं तुझं?"

"पप्पा, इथे सातबारा नसतो. ही क्लबची जमीन, आपल्याला नुसती कसायला."

"काही का असेना. कागदावर नाव लागतंय ना? आपल्या घरात आजवर कोणाचं लागलं नाही बाळा. मिळतेय तर घे की!"

मी म्हटलं, "बघते पप्पा," आणि फोन ठेवला.

जेवताना नवऱ्याला विचारलं, "काय करायचं?"

"तुझ्या सिद्धांताप्रमाणे तर तू जिंकलीस," तो म्हणाला.

"आणि ती?"

"ती गैरहजर मालक. तुझ्या रकान्यात एक."

मला त्याचा असा राग आला की मी ताट उचलून आत गेले. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसला राग. चुलीवर... चूल कुठली, सिरॅमिकची शेगडी ती, तिच्यासमोर उभी राहून मी विचार केला आणि पेच उलगडत गेला. मेथी ही भाजी नाही असं ठरलं तर जमीन पडीक, मग शेजारणीची बाग जाते. मेथी ही भाजीच आहे असं मी सिद्ध केलं तर जमीन कसलेली, पण कसली मी, मग बाग मला मिळते. काहीही झालं तरी तिची जातेच. आणि बाग गेली की आई येणार नाही.

जमिनीवर नसलेले सगळे एकाच रकान्यात घालून मोकळं होता येत नाही, हे मला कोणी पुस्तकात सांगितलं नव्हतं. युद्धात कोणी खंदकात असतो, कोणी परक्या देशात भांडी घासतो, कोणी आईला आणायला गेलेला असतो. अशा वेळी 'कसेल त्याची' असा कायदा केला तर जो मागे उरला, किंवा ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याची चंगळ. लढायला गेलेला परत येऊन बघतो तर बांधावर दुसराच उभा. म्हातारीला हीच भीती होती. आणि इथे तिच्या बांधावर मी उभी होते, मेथीची जुडी घेऊन.

शेजारणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला नाही सांगत. तिने कोंबड्या शेजारी देऊन टाकल्यात. पासपोर्ट आला की निघायचं, असं म्हणतेय. सभेच्या आत मी नाही पोहोचू शकत." मग म्हणाली, "तू घेतलीस तर मला वाईट नाही वाटणार. दुसऱ्या कोणी घेण्यापेक्षा बरं." तिला वाईट वाटणार होतं. मला चांगलं कळलं.

सभेला मी मेथीचे पराठे घेऊन गेले. दोन डबे भरून, सोबत दही. क्लबच्या छोट्या हॉलमध्ये बिअर होती, कॉफी होती, आलुबुखाराचा केक होता आणि सगळे सभासद आपापल्या जागा ठरलेल्या असल्यासारखे बसले होते. विषय आमचा निघायच्या आधी कुंपणाच्या उंचीवर इतका वेळ वाद चालला की पराठे आपोआप फिरायला लागले. अध्यक्षांनी दुसरा घेताना विचारलं, यात काय आहे?

मी म्हटलं, "ग्र्युनड्युंगुंग."

त्यांनी पराठ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची मिशी हलायला लागली आणि हॉल हसू लागला. मी सांगितलं, ही आमच्याकडे भाजी आहे, आम्ही ती आठवड्यातून दोनदा खातो, बाग पडीक नव्हती. माझ्या त्या गेनाऊबद्दल मी माफी मागते. अध्यक्ष म्हणाले, "हिरवळीचं खत चवीला छान आहे. लिहून घ्या, तिसरा हिस्सा पुरा." मी खाली बसणार इतक्यात मागच्या टेबलावरची एक आजी, जिच्या बागेत एकही पान वाकडं नसतं, ती म्हणाली, "भाजी तर भाजी. पण राबलं कोण? ज्या बाईच्या नावावर आहे ती तर नाहीच ना इथे."

हाच तो पेच. मी उभीच राहिले. जर्मन शब्द एकेक करून डोक्यातून पळाले. कूळ नाही, मालक नाही, वाटेकरी नाही, मग मी कोण? राखणदार म्हणावं तर त्याला इथे शब्द काय? आणि मग ऑफिसातल्या ईमेलमधला एक शब्द माझ्या मदतीला धावून आला. इथे रजेवर जाताना प्रत्येक माणूस मागे एक आपोआप जाणारं उत्तर ठेवून जातो, मी नाही, माझ्या जागी अमुकला विचारा. ते बदलीचं माणूस, फरट्रेटुंग. रजेवरून परतल्यावर खुर्ची ज्याची त्याची, याबद्दल या देशात कोणाच्या मनात शंका नसते.

मी म्हटलं, "मी फक्त तिची उरलाउब्सफरट्रेटुंग आहे."

सगळ्यांचे चेहरे असे झाले की, असं होय, मग आधी का नाही सांगितलंत! जमीन, युद्ध, हक्क यांवर मी तासभर बोलले असते तरी जे झालं नसतं, ते रजेच्या एका शब्दाने झालं. आजीसुद्धा "बरं, फरट्रेटुंग असेल तर वेगळं," असं पुटपुटली. अध्यक्ष मात्र अध्यक्ष होते. म्हणाले, बदलीचं माणूस रजेवर गेलेल्याने नेमायचं असतं, तिने नेमलंय का?

मी तिथूनच शेजारणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. अध्यक्षांनी रीतसर विचारलं. ती घाबरून म्हणाली, "हो. ती माझी फरट्रेटुंग आहे. मी परत येतेय, आईला घेऊन." तेवढ्यात तिच्या मागून एक म्हातारा आवाज काहीतरी म्हणाला. शेजारीण म्हणाली, "माफ करा, आई विचारतेय की माती खरंच काळी आहे का."

अध्यक्ष टेबलावर वाकले आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडून म्हणाले, "काळी! आणि वसंतात कंपोस्टही देऊ, म्हणावं!"

मग त्यांनी मत मागितलं. हात वर झाले. मी मोजले नाहीत, माझे डोळे भरले होते आणि पराठ्याचा डबा कोणीतरी माझ्या हातातून काढून घेत होतं.

पप्पांना सांगायचं मी रविवारपर्यंत टाळलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या युक्रेनच्या आजीबाईंचं नाव कागदावर राहिलं ना?" "तिच्या मुलीचं, पण राहिलं." "मग बरं केलंस. कागदावर नाव नसण्याचं दुःख तुला पुस्तकातून कळलं असेल, मला आईकडून कळलंय." आणि लगेच, "यादीत तुमचं नाव अजून आहे ना? की तेही देऊन आलीस दानात?" आहे म्हटलं. यादीत अजून आहे.

प्रबंधातला तो रकाना मी मोडला. आता तिथे तीन प्रश्न आहेत. मालक का नाही, तो परत येण्याची शक्यता किती, आणि मधल्या काळात जमीन कोणी, कोणाच्या वतीने सांभाळली. माझ्या प्राध्यापिका म्हणाल्या, गणित फार अवघड होईल. मी म्हटलं, गेनाऊ. या वेळी मला नक्की माहीत होतं मी कशाला गेनाऊ म्हणतेय.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी आम्ही सगळे बागेच्या फाटकापाशी उभे होतो. मी आदल्या दिवशी येऊन मेथीला पाणी दिलं होतं, कडा नीट केल्या होत्या, पाहुण्यांसाठी सतरंजी झटकावी तशा. शेजारणीची आई ट्रामच्या थांब्यावरून आपल्या लेकीच्या दंडाला धरून आली. किती दिवस राहणार, हे तिने लेकीला अजून सांगितलं नव्हतं. अंगात चांगला लांब कोट, डोक्याला रुमाल. तिने माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, काही बोलली नाही आणि आत शिरली. कुंपणाच्या कडेने एक पूर्ण फेरी मारली. मग कोट न काढताच वाकली आणि माझी मेथी उपटायला लागली.

शेजारीण "मामो!", म्हणजे आई गं, असं ओरडली आणि लाजून लाल झाली. म्हातारी थांबली नाही. मुठीमुठीने उपटत गेली आणि नीट जुड्या करून बाजूला ठेवत गेली. नवरा हळूच म्हणाला, "अगं, आपल्याला बेदखल करतायत." मी म्हटलं, "करू दे." कुळाला बेदखल करण्याच्या विरोधात मी आयुष्यभर बोलले आहे, पुढेही बोलेन. पण त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! वाफा रिकामा होत होता आणि मी वेड्यासारखी हसत होते. मालकीण हजर झाली होती.

वाफा मोकळा झाल्यावर तिने बॅगेतून लोकरी मोज्यांची जोडी काढली आणि एक मोजा मातीवर उलटा केला. लसणाच्या पाकळ्या बाहेर पडल्या, जाड, जांभळट. घरच्या लसणातल्या मोठ्यात मोठ्या निवडून आणल्या होत्या. बोटाने खड्डा, पाकळी, वर माती, हाताने थापटायचं. ती एका ओळीत सरकत राहिली.

नवऱ्याने सहज विचारलं, "आता थंडीच्या तोंडावर लसूण? हा निघतो कधी?"

शेजारणीने आईला विचारलं. आईने मान वर न करता एक वाक्य टाकलं आणि पुढचा खड्डा केला.

"जुलैत," शेजारीण आम्हाला म्हणाली. "पुढच्या जुलैत." मग आपण काय बोललो ते तिच्या कानांवर पडलं. तिने एकदा आईकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि वाफ्याच्या कडेला मातीतच मटकन बसली.